भूस्थिर संचार उपग्रहाचा सेवाकाल : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : भूस्थिर कक्षा, संचार उपग्रह, सेवाकाल, एज्युसॅट, इन्सॅट-४बी, दूरशिक्षण, वनक्षेत्र

प्रस्तावना

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत्या गोळ्यांची एक रांग सरकताना दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले, तर त्याच तालुक्यातील पवनपार येथे एक गोलाकार टाकी सापडली. पुढील काही दिवसांत आसपासच्या भागात अशा आणखी वस्तू मिळाल्या. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. प्रथम उल्कापाताची चर्चा झाली. नंतर त्याच दिवशी न्यूझीलंडमधून सुटलेल्या एका अग्निबाणाकडे बोट दाखविले गेले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र हा प्रकार फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३-बी' या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याच्या पुनर्प्रवेशाचा असल्याचे मत मांडले, आणि तेच सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले गेले. या टप्प्याचा व्यास तीन मीटर आहे, ही बाब लाडबोरीच्या कड्याशी जुळणारी आहे.

या घटनेची वृत्तपत्रीय चर्चा 'आकाशातून काय पडले' या प्रश्नापाशीच थांबली. तो टप्पा मुळात वर कशासाठी गेला होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी शिचांग येथून त्याने चीनच्या दळणवळण-तंत्र चाचणी मालिकेतील सहाव्या उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडले होते. उपग्रह पुढे निघून गेला. रिकामा टप्पा मात्र मागे राहिला आणि सुमारे चौदा महिन्यांनी सिंदेवाहीच्या शिवारात उतरला. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या हाती जे लागले, ते एका भूस्थिर उपग्रहाच्या जन्माचे अवशेष होते असे म्हणता येईल. अशा उपग्रहाचे पुढील जीवन कशावर चालते, ते कधी व का संपते आणि त्या समाप्तीचा वनव्याप्त जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांशी नेमका काय संबंध येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

भूस्थिर कक्षेपर्यंतची वाट

भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या प्रतलात, भूपृष्ठापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. तेथे उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरण्यास तितकाच वेळ लागतो. परिणामी खालून पाहणाऱ्यास उपग्रह एका जागी खिळल्यासारखा भासतो. वस्तुतः तो सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो.

प्रक्षेपक सहसा उपग्रहाला थेट या उंचीवर नेत नाही. तो त्याला एका लंबवर्तुळाकार हस्तांतर कक्षेत सोडतो. या कक्षेचा पृथ्वीलगतचा बिंदू अवघ्या दोनशे-तीनशे किलोमीटरवर, तर दूरचा बिंदू भूस्थिर कक्षेच्या उंचीवर असतो. तेथून पुढचा प्रवास उपग्रहाने स्वतःच्या इंजिनाने करावयाचा असतो. मागे उरलेला प्रक्षेपकाचा टप्पा त्याच लंबवर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवेला घासून थोडा वेग गमावतो, आणि अखेर कोसळतो. कोठे कोसळेल हे अगोदर निश्चित सांगता येत नाही. मे २०२२ मध्ये गुजरातेत सापडलेल्या गोलाकार टाक्यांचा संबंधही याच जातीच्या प्रक्षेपकाशी जोडला गेला. अशा वस्तूंनी जमिनीवर नुकसान झाल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र पूर्णतः जबाबदार राहते, अशी तरतूद १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर कडे पडते त्याला तो करार ठाऊक असण्याचे कारण नाही.

सेवाकालाच्या दृष्टीने या पहिल्या प्रवासाचे महत्त्व फार आहे. हस्तांतर कक्षेतून भूस्थिर कक्षेत जाण्यासाठी उपग्रहाला आपल्या प्रक्षेपणवेळच्या वस्तुमानाचा साधारण ४० टक्के भाग इंधनरूपाने खर्चावा लागतो. प्रक्षेपकाने त्याला किंचित खाली सोडले, तर ती तूट उपग्रहाच्या टाकीतूनच भरून काढावी लागते, म्हणजे आयुष्यातून वजा होते. १८ एप्रिल २००१ रोजी जीएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात नेमके हेच घडले. जीसॅट-१ अपेक्षित कक्षेच्या थोडा खाली राहिला आणि ती कसर भरून काढण्याच्या प्रयत्नात त्याचे इंधन संपले. याउलट १५ जुलै २०११ रोजी पीएसएलव्ही-सी१७ ने जीसॅट-१२ ला मुद्दामच सुमारे २१,००० किलोमीटर दूरबिंदूच्या कक्षेत सोडले होते. तो प्रक्षेपक त्याहून अधिक नेऊ शकत नव्हता. उरलेली चढण उपग्रहाने आपल्या इंजिनाने पूर्ण केली. १,४१० किलोग्रॅमच्या या उपग्रहाचे अपेक्षित आयुष्य सुमारे आठ वर्षेच धरलेले होते, याचे एक कारण या हिशेबात शोधता येते.

गडचिरोलीहून दिसणारे आकाश

गडचिरोली शहर साधारण २०.२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८० अंश पूर्व रेखांशावर आहे. चंद्रपूर त्याच्या किंचित पश्चिमेस येते. भारताचे बहुतेक भूस्थिर उपग्रह ४८ ते ९३.५ अंश पूर्व रेखांशांदरम्यान ठेवलेले असल्याने या दोन्ही जिल्ह्यांना ते दक्षिण आकाशात बऱ्याच उंचीवर मिळतात. ७४ अंशांवरील उपग्रहाचा गडचिरोलीतील उन्नतांश सुमारे ६५ अंश येतो आणि तबकडीचे तोंड दक्षिणेपासून सुमारे १७ अंश पश्चिमेकडे ठेवावे लागते. ८३ अंशांवरील उपग्रह ६६ अंश उंचीवर, जवळजवळ थेट दक्षिणेस सापडतो. ९३.५ अंशांवरच्या उपग्रहासाठी मात्र तबकडी दक्षिणेपासून ३५ अंश पूर्वेकडे वळवावी लागते. उन्नतांश ६२ अंशांचा होतो.

ही आकडेमोड कोरडी वाटली तरी वनप्रदेशात तिचा अर्थ प्रत्यक्ष असतो. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. युरोपातील एखाद्या गावी भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांवरच दिसतो आणि दूरचे झाडही आड येते. भामरागड किंवा एटापल्लीत मात्र वीस मीटर उंचीचा साग तबकडीपासून सुमारे अकरा मीटरपेक्षा जवळ असेल तरच ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाची दृष्टिरेषा अडते. शाळेचे अंगण पुरेसे होते. खेड्यापाड्यांतून ज्याला 'छत्री' म्हणतात ती छोटी तबकडी घरांच्या कवेलूंवर सर्वत्र दिसू लागली, त्यामागे भूमितीची ही अनुकूलताही आहे. जेथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि जंगलातून तारायंत्राची तार ओढणे कधीच सोपे नव्हते, तेथे आकाशातून येणारा संकेत हा केवळ पर्याय न राहता अनेकदा एकमेव मार्ग ठरत आला आहे. मोबाइल मनोऱ्यांपर्यंत तंतुवाहिनी पोहोचत नाही तेथे त्यांनाही उपग्रहाचाच दुवा द्यावा लागतो.

या मार्गाला मर्यादा आहेत, त्यांची नोंद येथेच करणे इष्ट. संकेताला वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न व त्याला मिळालेले उत्तर यांत अर्धा सेकंद सहज जातो, आणि त्या अर्ध्या सेकंदात अननुभवी प्राध्यापक पुन्हा बोलू लागतो. कू-पट्ट्यातील लहरींना मुसळधार पाऊस शोषून घेतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य उपग्रहाच्या थेट मागे येतो, तेव्हा दिवसातून काही मिनिटे संकेत सूर्याच्या गोंगाटात बुडतो. हा बिघाड नव्हे. त्याचे वेळापत्रक आधीच काढता येते. तरीही परीक्षेच्या तोंडावर तो बिघाड समजून तंत्रज्ञाला बोलाविण्याची हौस कमी होत नाही.

जागा राखण्याचा खर्च

उपग्रह एकदा जागेवर बसला म्हणजे तो तेथेच राहील, हा समज चुकीचा आहे. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे त्याच्या कक्षेचे प्रतल विषुववृत्तापासून दरवर्षी सुमारे पाऊण ते एक अंश कलू लागते. त्यामुळे जमिनीवरून पाहता उपग्रह दररोज उत्तर-दक्षिण हेलकावे घेतो. हा कल पुसण्यासाठी वर्षाला सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल करावा लागतो. रासायनिक इंजिन वापरणाऱ्या दोन टन वस्तुमानाच्या उपग्रहाला त्यासाठी दरवर्षी चौतीस-पस्तीस किलोग्रॅम इंधन लागते. बहुतेक उपग्रहांचा सेवाकाल या एका आकड्याने ठरतो. उपकरणे सुस्थितीत असूनही इंधन संपल्याने उपग्रह निवृत्त करावा लागतो, हे प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी आहे.

दुसरे स्खलन पूर्व-पश्चिम दिशेचे असून त्याचे कारण पृथ्वीच्याच आकारात आहे. विषुववृत्त परिपूर्ण वर्तुळ नाही. ते किंचित लंबगोल आहे. परिणामी भूस्थिर कक्षेत दोन स्थिर बिंदू निर्माण होतात, एक ७५ अंश पूर्वेस आणि दुसरा १०५ अंश पश्चिमेस. कक्षेतील कोणतीही बेवारस वस्तू यांपैकी जवळच्या बिंदूकडे ओढली जाते, त्याला ओलांडून पुढे जाते, पुन्हा परतते, आणि वर्षानुवर्षे त्याच्या दोन्ही बाजूंना झुलत राहते. यांपैकी पहिला बिंदू चंद्रपूरच्या रेखावृत्तापासून जेमतेम चार-साडेचार अंशांवर आहे. याचा लाभ असा की ७४ अंशांवर ठेवलेल्या भारतीय उपग्रहांना पूर्व-पश्चिम जागा राखण्यास फारच थोडे इंधन लागते. तोटाही तेथेच आहे. बंद पडून मूळ कक्षेतच राहिलेल्या उपग्रहांचा झोका याच भागातून जातो, आणि कार्यरत उपग्रहांना त्यांच्यापासून सावध राहावे लागते.

इंधन किती उरले, हे मोजणे ही स्वतंत्र कसोटी आहे. गुरुत्वाचा परिणाम जाणवत नसल्याने टाकीतील द्रव तळाशी बसत नाही; तो भिंतींना चिकटून राहतो, आणि मोटारीतल्यासारखा काटा येथे निरुपयोगी ठरतो. कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्रासारख्या ठिकाणी प्रत्येक ज्वलनाचा कालावधी नोंदवून, दाब व तापमान यांवरून, किंवा टाकी किंचित तापवून ती किती वेगाने तापते हे पाहून शिल्लक इंधनाचा अंदाज बांधला जातो. वर्षानुवर्षांच्या नोंदींतील लहान चुका साचत जातात आणि अखेरीस अंदाजात काही महिन्यांचा फरक पडू शकतो. सेवाकालाच्या शेवटच्या वर्षात हा फरक क्षुल्लक राहत नाही.

इंधनाखेरीज दोन गोष्टी झिजतात. सौर पंखांची वीजनिर्मिती प्रारणामुळे हळूहळू घटते. विद्युत्घटांना प्रत्येक संपाताच्या आगेमागे सुमारे ४५ रात्री पृथ्वीच्या छायेतून उपग्रह चालवावा लागतो. ग्रहणाची कमाल मुदत ७२ मिनिटांची असते. बारा वर्षांत अशी हजाराहून अधिक ग्रहणे होतात. भारताच्या रेखांशांवरील उपग्रहांना ती मध्यरात्रीच्या सुमारास लागतात, त्यामुळे दिवसाच्या वर्गाला त्यांची झळ पोहोचत नाही.

अकाली आणि उशिराचे अंत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, भारताचा पहिला कार्यकारी भूस्थिर उपग्रह इन्सॅट-१ए निकामी झाला. १० एप्रिल १९८२ रोजी प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहाकडून सात वर्षांची सेवा अपेक्षित होती; पृथ्वीकडे रोखलेली त्याची दिशा सुटली आणि ती परत मिळविण्याच्या धडपडीत दिशानियंत्रणाचे इंधन संपून गेले. पाच महिनेही तो टिकला नाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर' अवकाशयानातून गेलेल्या इन्सॅट-१बी ने मात्र अपेक्षित सात वर्षांहून अधिक काळ काम दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग-कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून याच उपग्रहावरून दूरदर्शनवर येऊ लागला. त्या काळच्या महाविद्यालयीन अध्यापकांना दुपारचे ते प्रक्षेपण आठवत असेल. एकाच रचनेच्या दोन उपग्रहांपैकी एक महिन्यांत मावळतो, दुसरा मुदत ओलांडतो. 'अपेक्षित आयुष्य' या शब्दप्रयोगातील 'अपेक्षित' कडे दुर्लक्ष करून चालत नाही, ते यामुळेच.

इन्सॅट-२डी ४ जून १९९७ रोजी गेला आणि वीजवाहिनीतील दोषामुळे त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला निकामी झाला. २९ मार्च २०१८ रोजी गेलेल्या जीसॅट-६ए चा संपर्क कक्षा उंचावण्याचे काम चालू असतानाच तुटला. त्याचा धसका इतका होता की जीसॅट-११ प्रक्षेपणासाठी फ्रेंच गयानाला पोहोचलेला असूनही फेरतपासणीसाठी परत आणला गेला.

यांच्या तुलनेत इन्सॅट-४बी चे चरित्र अधिक बोधप्रद आहे. १२ मार्च २००७ रोजी प्रक्षेपित झालेला, ३,०२५ किलोग्रॅमचा हा उपग्रह ९३.५ अंशांवर ठेवण्यात आला, आणि दूरदर्शनची विनाशुल्क थेट-घरोघर सेवा त्यावरून चालली. गडचिरोलीतील कवेलूंवरच्या छत्र्यांचे तोंड आग्नेयेकडे आहे, ते यामुळे. जुलै २०१० मध्ये एका सौर पंखाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि २४ पैकी १२ ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले. म्हणजे उपग्रह मेला नाही, त्याची निम्मी ताकद गेली. तशा अवस्थेतही तो बारा वर्षांची अपेक्षित मुदत ओलांडून चौदा वर्षांहून अधिक काळ कक्षेत कार्यरत राहिला. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेला जीसॅट-१५ त्याच ९३.५ अंशांवर ठेवला गेल्याने नंतर सेवा त्यावर हलविणे सोपे गेले. खालच्या छत्रीला हात लावावा लागला नाही. जागा तीच ठेवून उपग्रह बदलणे, हा सेवाकालाच्या प्रश्नावरील सर्वांत शहाणपणाचा तोडगा म्हणावा लागेल. शैक्षणिक उपग्रहांच्या वाट्याला तो दुर्दैवाने आला नाही.

एज्युसॅट : सहा वर्षांचे गणित

केवळ शिक्षणासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह म्हणजे एज्युसॅट, अर्थात जीसॅट-३. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ०१ ने त्याचे प्रक्षेपण केले. वस्तुमान १,९५० किलोग्रॅम, स्थान ७४ अंश पूर्व, अपेक्षित आयुष्य सात वर्षे. कू-पट्ट्यातील पाच प्रादेशिक झोत, एक देशव्यापी झोत आणि विस्तारित सी-पट्ट्यातील सहा वाहिन्या अशी त्याची योजना होती. त्याच्या आधी इन्सॅट-३बी वर जो पथदर्शी प्रकल्प राबविला गेला, त्यात कर्नाटक व मध्य प्रदेशातील तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही समावेश होता. कल्पना उदात्त होती. चांगला अध्यापक जेथे जाऊ शकत नाही, तेथे त्याचा वर्ग जाईल. कोरचीतील विद्यार्थ्याला नागपुरातील विद्यार्थ्यासारखाच प्रश्न विचारता येईल.

सप्टेंबर २०१० मध्ये एज्युसॅट निवृत्त झाला. सहा वर्षे झाली होती. सात वर्षांच्या अपेक्षेच्या तुलनेत ही तूट मोठी नाही, आणि उपग्रहाला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. खरी अडचण वेगळी आहे. उपग्रहाचे आयुष्य प्रक्षेपणाच्या दिवसापासून मोजले जाते. महाविद्यालयाच्या दृष्टीने ते वर्गात पहिला संकेत दिसला त्या दिवसापासून सुरू होते. या दोन दिवसांच्या मध्ये करार, निविदा, केंद्र उभारणे, तबकड्या बसविणे, पाठ तयार करणे, अध्यापकांना प्रशिक्षण देणे आणि, दुर्गम तालुक्यांत, विजेची सोय करणे एवढ्या पायऱ्या येतात. या पायऱ्यांना तीन वर्षे लागली तर सात वर्षांच्या उपग्रहाचा उपयोग चार वर्षांवर येतो, सहा वर्षांच्या उपग्रहाचा तीनवर. इंधन मात्र त्या तीन वर्षांतही रोजच्या रोज जळतच असते. महालेखापरीक्षकांच्या तपासणीतही या कार्यक्रमाच्या अपुऱ्या उपयोगाची नोंद झालेली आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. म्हणजे ज्या विद्यापीठाला अशा उपग्रहाचा सर्वाधिक उपयोग झाला असता, ते एज्युसॅट निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी जन्मास आले.

एज्युसॅटवरील जाळी पुढे इतर उपग्रहांवर हलविण्यात आली. जीसॅट-१२ हा त्यांतील एक. त्याच्याकडे विस्तारित सी-पट्ट्यातील १२ ट्रान्सपाँडर होते व दूरशिक्षण, दूरवैद्यक यांसाठी तो योजलेला होता. परंतु तो ८३ अंशांवर. कू-पट्ट्यासाठी बसविलेली छोटी तबकडी, तिच्या तोंडाशी असलेला ग्राहक व प्रक्षेपक सी-पट्ट्यासाठी चालत नाहीत. तबकडी अधिक मोठी लागते. दिशा बदलणे हे दोन तासांचे काम आहे, उपकरण बदलणे हे अंदाजपत्रकाचे. शहरातील संस्थेला त्यासाठी तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी मिळतो; अहेरी-सिरोंच्याच्या पलीकडे पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागते. १७ डिसेंबर २०२० रोजी पीएसएलव्ही-सी५० ने नेलेला सीएमएस-०१ हा जीसॅट-१२ ची जागा घेण्यासाठी पाठविण्यात आला आणि त्याचे अपेक्षित आयुष्यही सात वर्षांच्या आसपासचे आहे.

कार्यालयीन जडसंग्रह नोंदवहीत 'तबकडी अँटेना, एक नग' एवढीच नोंद असते. ती कोणत्या उपग्रहाकडे रोखलेली आहे, तो कधी प्रक्षेपित झाला, त्याची मुदत कधी संपते, पट्टा कोणता, त्याची जागा कोणता उपग्रह घेणार, ही माहिती त्याच ओळीत असावयास हवी. कारण त्या तबकडीचे आयुष्य तिच्या लोखंडावर अवलंबून नसून छत्तीस हजार किलोमीटर वरच्या टाकीतील द्रवावर अवलंबून आहे.

निवृत्तीची रीत

निवृत्त उपग्रह पृथ्वीवर परत आणता येत नाही. तेवढे इंधन कोणत्याही भूस्थिर उपग्रहापाशी नसते. म्हणून त्याला भूस्थिर कक्षेच्या आणखी वर, सुमारे तीनशे किलोमीटर उंच असलेल्या त्याज्य कक्षेत ढकलले जाते. यासाठीचे आंतरराष्ट्रीय सूत्र २३५ किलोमीटरच्या किमान उंचीवर, उपग्रहाच्या पृष्ठफळ व वस्तुमान यांच्या गुणोत्तरानुसार वाढ देते. पंख मोठे व शरीर हलके असेल तर सूर्यप्रकाशाचा दाब त्याला अधिक हलवितो. या शेवटच्या ढकलीला लागणारे इंधन जागा राखण्याच्या अडीच महिन्यांच्या इंधनाएवढे असते. एवढे महिने सेवा चालू ठेवून महसूल मिळविण्याचा मोह प्रत्येक चालकाला होतो. काही राष्ट्रांचे उपग्रह या मोहापायी जागेवरच संपले आणि ७५ अंशांच्या झोक्यात सामील झाले.

इन्सॅट-४बी च्या बाबतीत १७ ते २३ जानेवारी २०२२ या काळात अकरा ज्वलने करून त्याला भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेण्यात आले, उरलेले इंधन व विद्युत्घट निष्प्रभ करण्यात आले, आणि २४ जानेवारीस तो कायमचा बंद करण्यात आला. अशा रीतीने निवृत्त झालेला तो भारताचा एकविसावा भूस्थिर उपग्रह होता. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांच्या आत सिंदेवाहीत दुसऱ्या एका भूस्थिर उपग्रहाचा रिकामा टप्पा पडला.

पुढील पिढी

आयुष्य वाढविण्याचे काही मार्ग उपलब्ध झाले आहेत. उत्तर-दक्षिण जागा राखणे थांबवून कल वाढू देणे हा जुना मार्ग. त्यात मोठ्या, उपग्रहाचा मागोवा घेणाऱ्या अँटेनांचे निभावते, खेड्यातील स्थिर छत्रीचे नाही. विद्युत्-प्रणोदनात त्याच कामाला इंधनाचा काही अंशच लागतो. ५ मे २०१७ रोजी प्रक्षेपित जीसॅट-९ वर ते वापरण्यात आले. २५ फेब्रुवारी २०२० रोजी एका सेवायानाने 'इंटेलसॅट-९०१' या इंधन संपत आलेल्या उपग्रहाला अवकाशात जोडून घेतले व त्याची जागा राखण्याचे काम स्वतःकडे घेतले. खर्च पाहता शैक्षणिक उपग्रहासाठी असे यान पाठविले जाईल अशी शक्यता नाही.

५ डिसेंबर २०१८ रोजी प्रक्षेपित झालेला ५,८५४ किलोग्रॅमचा जीसॅट-११ ७४ अंशांवर आहे आणि त्याचे अपेक्षित आयुष्य पंधरा वर्षांचे आहे. भारतनेट योजनेत तंतुवाहिनी न पोहोचणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी त्याचा उपयोग अपेक्षित होता. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी गेलेल्या ४,७०० किलोग्रॅमच्या जीसॅट-एन२ चे आयुष्य चौदा वर्षांचे धरलेले आहे. एज्युसॅटच्या दुप्पट मुदत, आणि देशभर बत्तीस लहान झोत. ज्या महाविद्यालयाला या उपग्रहांवर दूरवर्ग उभारावयाचा असेल, त्याच्यापाशी जीसॅट-११ च्या हिशेबाने २०३३ च्या अखेरीपर्यंतचा काळ आहे.

दुसरा पर्याय खालच्या कक्षेचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'स्टारलिंक' कंपनीबरोबर गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम यांसारख्या जिल्ह्यांसाठी इरादापत्र केले. या उपग्रहांची उंची सुमारे ५५० किलोमीटर आणि आयुष्य साधारण पाच वर्षांचे. ते संपले की वातावरणात जाळून टाकून नवे पाठविले जातात. पाव सेकंदाचा विलंब तेथे नाही. पण ते आकाशात स्थिर नसतात, एकामागून एक धावत जातात, आणि ग्राहक तबकडीला त्यांचा माग ठेवण्यासाठी डोक्यावरचा बराच मोठा आकाशखंड मोकळा लागतो. भूस्थिर उपग्रहासाठी सागाच्या फांद्यांतून आग्नेयेकडे किंवा नैर्ऋत्येकडे एक फट पुरत असे. धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या वनातील शाळेला या नव्या तबकडीसाठी एकतर झाडांच्या शेंड्यांवर जाणारा खांब उभारावा लागेल, नाहीतर वनविभागाकडे झाडे तोडण्याच्या परवानगीचा अर्ज करावा लागेल.